पोर्टलंडचे गाऱ्हाणे

गाऱ्हाणे हा वाङ्मयप्रकार आपल्या समीक्षेने फारसा मनावर घेतलेला नाही. ओवी, पोवाडा, लावणी यांवर भरपूर लिहिले गेले. उखाण्यालाही अभ्यासक मिळाले. पण कोकणातल्या देवळात जमलेल्या मंडळींच्या वतीने एकाने उभे राहून देवाला घातलेले गाऱ्हाणे, त्याची वाक्यरचना, त्याचा ताल, त्यातला लाडिक रोष, यांकडे वाङ्मय म्हणून पाहावे असे आपल्याला क्वचितच वाटते. वास्तविक त्याची घडण मोठी पक्की असते. एक जण बोलतो आणि बाकीचे वाक्यागणिक ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. बोलणारा एकटा नसतो, आणि तो जे सांगतो ते ऐकणाऱ्याला नवे नसते. नवे काही सांगणे हा गाऱ्हाण्याचा हेतूच नव्हे. ठाऊक असलेले दुःख पुन्हा एकदा एका सुरात म्हणणे हा त्याचा हेतू.

या प्रकाराची मला अलीकडे प्रकर्षाने आठवण झाली ती एका अगदी अनपेक्षित ठिकाणी, अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातील पोर्टलंड शहराच्या बास्केटबॉलवेड्या लोकांमुळे. माझा एक भाचा नोकरीनिमित्त बरीच वर्षे त्या शहरालगत राहतो. त्याच्या तोंडून तिथल्या संघाचे गाऱ्हाणे मी इतक्यांदा ऐकले आहे की ते मला पाठ झाले आहे. पुढे त्यावरची पुस्तके वाचली, चित्रफिती पाहिल्या, आणि मग समीक्षकाची जी खोड असते ती जागी झाली: हे म्हणणे खरे किती आणि रचलेले किती?

ज्यांना या खेळाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. एन.बी.ए. ही तिकडची बास्केटबॉलची सर्वोच्च लीग. तिच्यात नव्याने येणारा खेळाडू आपल्या मर्जीने संघ निवडत नाही. दर वर्षी संघ पाळीपाळीने खेळाडू निवडतात. त्याला ड्राफ्ट म्हणतात. आदल्या मोसमात जे संघ तळाला गेले त्यांची पाळी आधी. उपाशी असेल त्याला आधी वाढावे, असा हा पंगतीचा न्याय. अगदी पहिला मान कोणाचा, हे पूर्वी नाणे उडवून ठरत असे. १९८५ पासून सोडत काढतात. ही पहिली-दुसरी पाळी संघाच्या नशिबी वारंवार येत नाही, आणि आली की पुढची दहा वर्षे त्या एका नावावर उभी राहतात किंवा कोसळतात. पोर्टलंडच्या ट्रेल ब्लेझर्स संघाची स्थापना १९७० सालची. बेसबॉलच्या किंवा अमेरिकन फुटबॉलच्या सर्वोच्च लीगमधला संघ त्या शहरात आजही नाही. तेव्हा गावाचे सगळे देवपण या एका संघाकडे आले, यात नवल नाही.

आता गाऱ्हाण्याची संहिता पाहू. तिचे तीन खंड आहेत. १९७४ साली संघाने पहिल्या पाळीवर बिल वॉल्टन घेतला. महाविद्यालयात असतानाच त्याच्या गुडघ्यांची आणि पाठीची दुखणी सर्वांना माहीत झाली होती. पहिल्या मोसमात तो ८२ पैकी ३५ सामने खेळला, दुसऱ्यात ५१. पुढे त्याचे पाऊल मोडले आणि तो संघ सोडून गेला. १९८४ साली दुसऱ्या पाळीवर सॅम बूई घेतला. डाव्या नडगीच्या हाडाच्या दुखण्यापायी केंटकी विद्यापीठात त्याचे दोन मोसम पूर्ण वाया गेले होते. त्याच्या मागून तिसऱ्या पाळीवर शिकागोने मायकेल जॉर्डन नेला. २००७ साली सोडतीत अवघी ५.३ टक्के शक्यता असताना पहिला मान पोर्टलंडला मिळाला, आणि संघाने ग्रेग ओडन घेतला. काही महिन्यांतच त्याच्या उजव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली, सगळा मोसम गेला. दुसऱ्या पाळीवर सिॲटलने नेला होता तो केव्हिन ड्युरांट. दुधाने तोंड पोळले की माणसे ताकही फुंकून पितात म्हणतात. या लोकांनी तीनदा दूधच प्यायले, तेही न फुंकता. व्हय म्हाराजा.

कथा म्हणून ही बेतीव आहे. तीन राजपुत्रांच्या गोष्टीसारखी तिला त्रिकाची चाल आहे, आणि प्रत्येक खंडाबरोबर चुकीची किंमत वाढत जाते. पण नेमकी इथेच मला शंका येते. जीवन इतके डौलदार वागत नाही. ही तीन प्रकरणे मी निरनिराळी पाहिली तेव्हा ती एका माळेत ओवलेली राहत नाहीत.

वॉल्टनच्या बाबतीत तर चूक झालीच नाही. १९७७ साली पोर्टलंडने अंतिम मालिकेत फिलाडेल्फियाविरुद्ध पहिले दोन सामने गमावले आणि पुढचे चारही जिंकले. त्या शहराचे आजवरचे एकमेव अजिंक्यपद ते हेच, आणि ते ज्याच्या खांद्यावरून आले तो वॉल्टनच. उंच माणसाने चेंडू हाती घेऊन क्षणभर थांबावे आणि चौघा साथीदारांपैकी नेमका मोकळा कोण हे न पाहिल्यासारखे पाहावे, ही त्याची कला. मेमोरियल कोलिझियममध्ये १२,६६६ माणसे मावत. १९७७ च्या एप्रिलपासून १९९५ पर्यंत सलग ८१४ सामन्यांना त्यातली एकही जागा विकायची राहिली नाही. ही भक्ती त्या ठिसूळ पावलांनी निर्माण केली. गाऱ्हाणे घालायला जो जमाव लागतो तो जमावच मुळी वॉल्टनने गोळा केला, आणि त्याच जमावाच्या गाऱ्हाण्यात तो पहिला आरोपी म्हणून उभा आहे!

बूईचे प्रकरण निराळे. तिथे चूक झाली, पण गाऱ्हाण्यात सांगतात ती नव्हे. जॉर्डन ज्या जागी खेळे त्या जागी पोर्टलंडकडे जिम पॅक्सन होता आणि आदल्याच वर्षी घेतलेला क्लाइड ड्रेक्सलर होता. उणीव होती ती मध्यावरच्या उंच खेळाडूची. वर्षभर आधी नाणेफेकीत ह्यूस्टन जिंकले नसते तर पोर्टलंडला ओलाजुवॉन मिळाला असता, असे म्हणायचा मोह होतो. पण ती नाणेफेकही त्याच वर्षीची, आणि तिचा कौल ह्यूस्टनकडे गेला. मग उरलेल्या उंच माणसांत सर्वांत चांगला तो बूई. म्हणजे घरात रिकामा कोनाडा आहे म्हणून त्या मापाची मूर्ती आणली, मूर्ती कशी आहे हे नंतर पाहिले. चूक कोनाड्याच्या हिशेबाची आहे. पायाच्या हाडाची नाही. बूईचे पाय लोखंडाचे असते तरी जॉर्डन हातचा गेला तो गेलाच असता. आणि त्या दिवशी जॉर्डन म्हणजे कोण हे किती जणांना कळले होते? ज्या शिकागोने त्याला घेतले तिथल्या व्यवस्थापकानेच, हा सात फुटी असता तर बरे झाले असते, अशा अर्थाची खंत तेव्हा बोलून दाखवली होती. बैल गेल्यावर बांधलेला झोपा पुष्कळ मजबूत असतो.

ओडनबद्दल तर तेवढेही म्हणता येत नाही. तेव्हाच्या जाणकारांपैकी बहुतेकांनी ओडनलाच घेतले असते. त्याची निवड झाली तेव्हा शहराने आनंद साजरा केला. आज गाऱ्हाणे घालणारे बरेच जण त्या आनंदात होते.

तेव्हा तीन वेगळ्या गोष्टींना एका दोऱ्यात ओवणारा हा दोरा पश्चातबुद्धीचा आहे. याचा एक भक्कम पुरावा गाऱ्हाण्यातून गळलेल्या नावात सापडतो. १९७२ साली याच संघाने अगदी पहिल्या पाळीवर लारू मार्टिन नावाचा खेळाडू घेतला आणि दुसऱ्या पाळीचा बॉब मॅकाडू सोडला. मॅकाडू पुढे थोर ठरला. मार्टिन चार मोसम खेळून गेला. निवड म्हणून याहून वाईट निवड शोधून सापडायची नाही. पण मार्टिनचे हाड मोडले नव्हते, म्हणून कथेच्या साच्यात तो बसत नाही, आणि गाऱ्हाण्याला त्याची आठवण क्वचितच होते. चुकलेल्या निवडीचे दुःख असते तर पहिला मान मार्टिनचा होता.

मग दुःख कशाचे? आपल्या जुन्या शास्त्रकारांच्या परिभाषेत विचारायचे तर या गाऱ्हाण्याचा रस कोणता? वरवर करुण दिसतो. पण करुणाला आलंबन लागते, आणि इथले आलंबन वॉल्टन, बूई, ओडन हे नाहीतच. ते आहेत जॉर्डन आणि ड्युरांट. जो कधी आपला झालाच नाही त्याच्या विरहाने हा भक्त झुरतो. तेव्हा हा करुण नव्हे, विप्रलंभ! त्यात आणखी विटंबना अशी की ज्या कंपनीने जॉर्डनच्या नावाचा बूट जगभर विकला ती नाइकी पोर्टलंडला खेटून असलेल्या बिव्हर्टनची. प्रियकर दुसऱ्या गावी गेला आणि त्याच्या पादुका मात्र शेजारच्या आळीत.

भाषेकडे पाहिले म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. माझा भाचा बोलतो मराठीत, त्यामुळे मला हे चटकन जाणवले. जिंकण्याची गोष्ट सांगताना तो ‘आपण’ म्हणतो. ‘सत्त्याहत्तर साली आपण जिंकलो.’ त्या साली तो जन्मलाही नव्हता, पण त्याचे काही नाही. वारकऱ्याने ज्ञानोबांच्या काळाविषयी बोलावे तशी ही जवळीक आहे. निवडीची वेळ आली की ‘आपण’ जातो आणि ‘त्यांनी’ येतात. ‘त्यांनी ओडनला घेतले.’ आणि दुखापतीपाशी आल्यावर कर्ता संपतोच. ‘गुडघा गेला.’ ‘पाय मोडला.’ जसे काही गुडघा आपणहून उठून कुठे निघून गेला. जिंकणे आहे, घेणे आहे, मोडणे आहे, फसणे आहे. या सबंध गाऱ्हाण्यात एक क्रियापद मी कान देऊन शोधले, ते मला एकदाही ऐकू आले नाही. ते म्हणजे दुखणे. आपल्या भाषेत हे क्रियापद माणसाला चिकटून येते: मला दुखते, त्याला दुखते. ते उच्चारले की ज्याला दुखते तो माणूस समोर उभा राहतो. गाऱ्हाण्याला तो नको असतो. बैलबाजारात गिऱ्हाईक जनावराचे दात पाहते, खूर दाबून पाहते. जनावरात खोड निघाली तर फसवले गेले ते गिऱ्हाईक असते, बैल नव्हे. ‘यांनी आमच्या गळ्यात दुखणाईत बांधला’ या वाक्यातला न्याय बाजाराचा आहे.

आणि गंमत अशी, की या सगळ्या इतिहासातला सर्वांत नाट्यपूर्ण क्षण त्याच गाळलेल्या क्रियापदाचा आहे. निवडीपूर्वी पोर्टलंडच्या वैद्यांनी बूईची कसून तपासणी केली. २०१२ साली दूरचित्रवाणीवर त्याच्याविषयी जो माहितीपट आला त्यात बूईने स्वतः सांगितले की नडगीवर लहान हातोडीने ठोकत ते विचारीत होते, आणि तो ‘काही जाणवत नाही’ असे उत्तर देत होता. आत मात्र दुखत होते. हे खोटे बोलणे म्हणायचे असेल तर म्हणा, पण घरच्यांना गरज असताना दुसरा कोणीही हेच करता, असा त्याच्या सांगण्याचा आशय होता. हा माहितीपट दाखवला गेल्यावर गाऱ्हाण्याला नवे बळ आले. पाहा, त्याने फसवले! मला तो प्रसंग वाचताना निराळेच दिसले. तेवीस वर्षांचा, सात फूट उंचीचा एक तरुण टेबलावर बसला आहे, दोन मोसम पायापायी गेलेले आहेत, आणि सगळे आयुष्य एका होय-नाहीवर टांगले आहे. दुखते म्हटले की संपले. संघाला त्याचे दुखणे नको होते, शहराला नको होते. तेव्हा त्यानेही ते गिळले. जे क्रियापद गाऱ्हाण्याने पुढे गाळले, ते गाळण्याची शिकवण बूईला आधीच मिळालेली होती.

डेव्हिड हॅल्बर्स्टॅम यांच्या ‘द ब्रेक्स ऑफ द गेम’ या १९८१ च्या पुस्तकाचे मोठेपण मला याच ठिकाणी वाटते. व्हिएतनाम युद्धाच्या वार्तांकनासाठी पुलित्झर पारितोषिक मिळवणारा हा पत्रकार १९७९-८० चा मोसम पोर्टलंड संघाबरोबर राहिला. ‘ब्रेक’ या शब्दात नशिबाची कलाटणी आणि मोडतोड हे दोन्ही अर्थ आहेत, ते शीर्षकाने अचूक पकडले आहेत. वॉल्टन तेव्हा संघ सोडून सॅन डिएगोला गेला होता. नायक रंगभूमीवर नाही आणि नाटक त्याच्याच सावलीत चालले आहे, अशी त्या पुस्तकाची विलक्षण बैठक. १९७८ साली काय घडले हे त्यामुळे नीट उमगते. पहिल्या ६० सामन्यांपैकी ५० जिंकलेला तो संघ. वॉल्टनचे पाऊल दुखावले. बाद फेरीत तो परतला, वेदनाशामक इंजेक्शन घेऊन सिॲटलविरुद्ध खेळला, आणि नंतर क्ष-किरणात दिसले की डाव्या पावलातले हाड मोडले आहे. संघाच्या वैद्यकीय वागणुकीवर त्याने जाहीर आक्षेप घेतला, पुढचा सबंध मोसम तो खेळला नाही, आणि निघून गेला. हॅल्बर्स्टॅमचा कल पैसा, करारमदार, दूरचित्रवाणी यांकडे आहे. प्रेक्षागृहात बसलेला माणूस त्याच्या लेखनात मला त्या मानाने फिका वाटतो, आणि ही त्या पुस्तकाची उणीव आहे. कारण सुई टोचणारा हात वैद्याचा असला, तरी त्या हाताला घाई कोणाची होती, हा प्रश्न प्रेक्षागृहापर्यंत जातो.

इतके झाल्यावर गाऱ्हाण्यात तथ्यच नाही असा समज होऊ नये. तिकीट काढणाऱ्याला निवडीवर बोलण्याचा हक्क आहे, आणि धोका किती, तो कोणी आणि कशाच्या आधारे पत्करला, हे त्याला सांगितले गेले पाहिजे. आपल्याकडे २०२२ च्या लिलावात मुंबई इंडियन्सने जोफ्रा आर्चरला ८ कोटी रुपयांना घेतले. कोपराच्या दुखण्यामुळे तो त्या वर्षी खेळणार नाही हे आधीच ठाऊक होते. पुढच्या मोसमांकडे नजर ठेवून केलेली ती खरेदी होती. त्या वर्षी मुंबई दहा संघांत दहावी आली, आणि २०२३ साली आर्चर ५ सामने खेळला. दादरच्या किंवा गिरगावच्या माणसाचा त्यावर जो संताप झाला तो मी ऐकला आहे, आणि तो मला रास्त वाटला. कारण तो रोख हिशेबाचा होता. लिलावात पैशाने वस्तू घेतात, फसले तर पैशाचा प्रश्न असतो. पोर्टलंडची गोष्ट मात्र हिशेबावर थांबत नाही. ती दंतकथा झाली आहे, गावाला शाप आहे इथवर ती पोचली आहे, आणि शापाच्या कथेत माणसे नुसती शापाची वाहने होतात.

मग आकडे काय सांगतात तेही या दंतकथेला ऐकू येत नाही. वॉल्टन सबंध कारकिर्दीत लीगचे ४६८ सामने खेळला. बूई खेळला ५११. होय, ज्याचे नाव थट्टेचा विषय झाले तो बूई त्या थोर वॉल्टनपेक्षा अधिक खेळला. फक्त त्यातले १३९ च पोर्टलंडसाठी. १९८९ साली त्याला न्यू जर्सीला देऊन बक विल्यम्सला आणले, आणि त्या विल्यम्सच्या बळावर पोर्टलंड १९९० आणि १९९२ साली अंतिम मालिकेत पोचले. (१९९२ साली समोर होता तो जॉर्डनच, तेव्हा विप्रलंभाची परिणती कशात झाली हे सांगायला नको.) ओडन पोर्टलंडसाठी एकूण ८२ सामने खेळला. एका मोसमाचे सामने नेमके तेवढेच असतात. पाच वर्षांत तिन्हीदा गुडघे फोडून तासून घेतले, आणि त्यातून त्या तरुणाच्या हाती आला तो एक मोसम.

दुखरा खेळाडू घेऊ नये, असा नियम यातून कोणी काढील तर तोही टिकत नाही. २०१४ साली फिलाडेल्फियाने जोएल एम्बीड घेतला तेव्हा त्याच्या पावलातले जे हाड मोडलेले होते ते वॉल्टनच्या हाडाचेच भावंड, फक्त दुसऱ्या पायातले. तो दोन मोसम मैदानात उतरला नाही. २०२३ साली तो लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. २०२४-२५ च्या मोसमात तो १९ सामने खेळू शकला. फिलाडेल्फियाचे लोक त्याच्या गुडघ्याविषयी बोलतात तेव्हा तोच सूर लागतो, तीच वाक्ये येतात, फक्त गाव बदललेले.

भाच्याला मी एकदा विचारले की तुमच्या गाऱ्हाण्यात ब्रँडन रॉय का नाही? २००६ साली निवडीच्या रात्रीच अदलाबदलीत पोर्टलंडने त्याला मिळवले. गुडघ्यांचे दुखणे त्याचे महाविद्यालयापासूनचे. ओडनच्या गुडघ्यांपेक्षा त्याचे गुडघे काही फार निराळे निघाले नाहीत. भाचा क्षणभर गप्प झाला आणि मग त्याने २३ एप्रिल २०११ ची रात्र सांगितली. डॅलसविरुद्धचा बाद फेरीतला चौथा सामना. शेवटचा डाव सुरू होताना पोर्टलंड १८ गुणांनी मागे. रॉयच्या दोन्ही गुडघ्यांवर त्याच जानेवारीत शस्त्रक्रिया झालेल्या, त्या मालिकेत त्याला पुष्कळसा वेळ बाकावरच बसवलेले. त्या शेवटच्या बारा मिनिटांत त्याने एकट्याने १८ गुण केले आणि सामना ८४-८२ असा जिंकून दिला. भाचा तिथे होता. ‘मामा, तो धावत नव्हता हो,’ तो म्हणाला, ‘त्याला दुखत होतं, ते वरच्या रांगेतूनसुद्धा दिसत होतं.’ त्याच वर्षी डिसेंबरात रॉयने निवृत्ती जाहीर केली.